थांबवता येईल असं जनुक



जैवतंत्रज्ञानाच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. अध्यक्षानं शास्त्राच्या सगळ्या शाखांचा आढावा घ्यावा, असा आपल्याकडचा प्रघात आहे. आज तो बाजूला ठेवून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. पेशीत नवं जनुक पोचवणारा विषाणू, ज्याला आपण प्रयोगशाळेत दिवसभर ‘व्हेक्टर’ म्हणतो, तो कसा बांधला म्हणजे आत गेलेलं जनुक केव्हा चालावं, किती चालावं आणि केव्हा थांबावं हे आपल्या हातात राहील?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जनुक पोचवण्याची विद्या आता बरीचशी हाती आली आहे. त्याच्यावर ताबा ठेवण्याची आलेली नाही. आणि तो ताबा ज्या गोळीच्या भरवशावर ठेवायचा, ती गोळी निवडताना रुग्ण कुठल्या मुलखात राहतो, तिथं पावसाळ्यात कुठले ताप येतात, गावच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय काय मिळतं, हे सगळं पाहावं लागणार आहे. ते काम आपलं आहे. आपल्या वतीनं ते दुसरं कोणी करणार नाही.

साध्या औषधाचं एक बरं असतं. बाधलं तर ते बंद करता येतं आणि काही दिवसांत शरीरातून निघून जातं. जनुकोपचारात ही सोय उरत नाही. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी झालेल्या बाळाला झोलजेन्स्मा हे औषध शिरेतून एकदाच देतात. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये परवानगी मिळाली. त्यातलं जनुक चेतापेशींत जाऊन वर्षानुवर्षं चालत राहतं. त्या बाळाला हेच हवं आहे, कारण ज्या प्रथिनावाचून त्याच्या चेतापेशी मरतात ते त्याला सतत मिळायला हवं. पण प्रत्येक प्रथिनाचं असं नसतं.

एरिथ्रोपोएटिन घ्या. मूत्रपिंडात तयार होणारं हे संप्रेरक अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगतं. ते कमी पडलं तर पंडुरोग, जास्त झालं तर रक्त घट्ट होऊन गुठळ्यांचा धोका. त्याचं जनुक एएव्ही, म्हणजे ॲडेनो-असोसिएटेड व्हायरस, या व्हेक्टरमधून, कुठलाही ताबा न ठेवता, मॅकाक माकडांना दिलं तेव्हा तांबड्या पेशी वाढत गेल्या. पुढे काही माकडांत याच्या अगदी उलट घडलं, ते २००४ साली प्रसिद्ध झालं. त्यांच्या प्रतिकारशक्तीनं एरिथ्रोपोएटिनलाच शत्रू मानलं. नव्याबरोबर स्वतःचं, जन्मापासूनचं एरिथ्रोपोएटिनही निकामी झालं आणि त्या माकडांना तीव्र पंडुरोग जडला. जनुक आत होतं, चालू होतं, आणि ते बाहेर काढायचा किंवा गप्प करायचा एकही मार्ग कोणाकडे नव्हता. मला या सगळ्या साहित्यात याहून बोलका प्रयोग माहीत नाही.

त्याच जनुकाची दुसरी गोष्टही सांगायला हवी. रॅपामायसिन हे औषध दिलं तरच एकत्र येतील अशा दोन प्रथिनांच्या ताब्यात हेच एरिथ्रोपोएटिन ठेवून दुसऱ्या एका प्रयोगात ते माकडांच्या स्नायूंत घातलं गेलं. गोळी दिली की संप्रेरक वाढायचं, थांबवली की खाली यायचं. असं सहा वर्षांपर्यंत चाललं. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. प्राणी मॅकाकच, जनुक तेच. फरक होता तो व्हेक्टरच्या रचनेत.

ताबा कसा ठेवायचा हे आपण जिवाणूंकडून शिकलो. ई. कोलाय हा जिवाणू लॅक्टोज समोर आल्यावरच ते पचवणारी जनुकं उघडतो. एरवी एक दमनकारी प्रथिन डीएनएवर ठाण मांडून बसलेलं असतं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये ही व्यवस्था उलगडून दाखवली. आंद्रे ल्वॉफ यांच्याबरोबर त्यांना १९६५ चं नोबेल मिळालं. पुढे १९९२ मध्ये हायडेलबर्गला मान्फ्रेड गॉसेन आणि हेर्मान बुयार्ड यांनी तोच धडा मानवी हेला पेशींत गिरवला. टेट्रासायक्लिनला दाद न देणाऱ्या जिवाणूंकडे टेट-रिप्रेसर नावाचं प्रथिन असतं. ते डीएनएवरच्या एका ठरावीक क्रमाला धरून बसतं आणि टेट्रासायक्लिन येऊन चिकटलं की पकड सोडतं. या दोघांनी त्याला हर्पिस विषाणूच्या व्हीपी-१६ या प्रथिनाचा, जनुक चालू करणारा तुकडा जोडला. गोळी नसेल तोवर जनुक चालू, गोळी आली की बंद. ही टेट-ऑफ पद्धत. तीन वर्षांनी त्यांच्याच गटानं रिप्रेसरमधली मोजकी अमिनो आम्लं बदलून हे उलटं केलं. टेट्रासायक्लिनच्या कुळातलं डॉक्सिसायक्लिन दिलं की चालू, थांबवलं की बंद. आपण सगळे वापरतो ती टेट-ऑन पद्धत ही.

कागदावर ती पंख्याच्या रेग्युलेटरसारखी दिसते, फिरवाल तेवढी गती. पेशींच्या थाळीत मात्र ती तशी वागत नाही. ज्यांनी हा प्रयोग केलेला नाही, त्यांच्यासाठी ती थाळी जरा जवळून दाखवते.

एचईके-२९३ पेशी, त्यांत टेट-ऑनच्या ताब्यात हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक. डॉक्सिसायक्लिन अजून घातलेलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश सोडला की सगळं काळं दिसायला हवं. पण डोळे अंधाराला सरावले की इथे एक, तिथे एक अशा फिकट हिरव्या पेशी दिसू लागतात. यालाच आपण ‘लीक’ म्हणतो. विद्यार्थी आधी व्हेक्टरला दोष देतात. पुष्कळदा दोष पेशींच्या खाद्यात, म्हणजे वासराच्या गर्भाच्या सीरममध्ये असतो. गुरांना टेट्रासायक्लिन दिलेलं असतं, त्याचा अंश सीरममध्ये उतरतो आणि आपण गोळी न घालताच गोळी पडलेली असते. म्हणून टेट्रासायक्लिनमुक्त सीरम वेगळं, महाग मिळतं. आता मधल्या मात्रेत डॉक्सिसायक्लिन घाला. सगळ्या पेशी मंद हिरव्या व्हाव्यात ही आपली अपेक्षा. अनेकदा दिसतं ते निराळंच. काही पेशी लख्ख उजळलेल्या, शेजारच्या काळ्याच. सरासरी काढली तर आलेख गुळगुळीत येतो, पण रुग्णाच्या शरीरात सरासरी पेशी नसते.

व्हेक्टरचा आराखडा काढायला बसलं की पहिली अडचण जागेची. एएव्ही १९६५ मध्ये सापडला तो ॲडेनोव्हायरसच्या नमुन्यांतली भेसळ म्हणून. त्याचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर, आणि त्यात मावतो जेमतेम ४७०० अक्षरांचा डीएनए. दोन टोकांना प्रत्येकी १४५ अक्षरं विषाणूची स्वतःची, ती काढून चालत नाही. उरलेल्या जागेत जनुक चालू करणारा प्रोमोटर, जनुक आणि शेपटाकडचा पॉली-ए संदेश बसवायचा. हिमोफिलिया-ए मधल्या फॅक्टर-८ चं जनुक काटछाट करूनही ४४०० च्या आसपास जातं. तिथे टेट-ऑनच्या नियंत्रक प्रथिनाची सुमारे ७५० अक्षरं आणि त्याला लागणारा दुसरा प्रोमोटर कुठे घालणार? दोन वेगळ्या विषाणूंत विभागून घालता येतं, पण मग दोन्ही एकाच पेशीत जातील याची खात्री कोण देणार? लेंटिव्हायरस या दुसऱ्या व्हेक्टरमध्ये जागा जवळजवळ दुप्पट. म्हणून ताब्याची गुंतागुंतीची रचना करायची तर हात आपोआप लेंटिव्हायरसकडे जातो.

पण तो पेशीच्या गुणसूत्रात शिरून कायमचा वस्तीला राहतो, आणि त्याच्या भावकीतल्या विषाणूंनी आपल्याला एक फार महागडा धडा दिलेला आहे. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात आलँ फिशर आणि मारिना काव्हाझ्झाना-काल्व्हो यांनी प्रतिकारशक्तीच नसलेल्या बालकांवर गॅमारेट्रोव्हायरस वापरून उपचार केले आणि २००० मध्ये त्यांचं यश जगापुढे आलं. निर्जंतुक खोलीत जगणारी मुलं घरी गेली. पुढच्या काही वर्षांत पॅरिस आणि लंडन इथल्या मिळून २० मुलांपैकी ५ जणांना रक्ताचा कर्करोग झाला, त्यांतलं एक मूल दगावलं. कर्करोग झालेल्या बहुतेक मुलांत विषाणूच्या टोकाला असलेला, जनुकांचा जोर वाढवणारा संवर्धक शेजारच्या एलएमओ-२ या जनुकाला चालू करून बसला होता. दिलेलं जनुक बरोबर होतं, पेशीही बरोबर होत्या. ताबा नव्हता तो विषाणूच्या स्वतःच्या संवर्धकावर. आज आपण जे ‘सिन’ व्हेक्टर वापरतो, ज्यांत पेशीत शिरताना विषाणूचा तो संवर्धक आपोआप गळून पडतो, त्यांच्याकडे वळण्याची निकड या मुलांमुळे सगळ्यांना पटली. वर्गात ‘सिन’ शिकवताना नुसती आकृती काढून पुढे जाऊ नका, एवढी विनंती मी इथल्या प्राध्यापकांना करते. ही पाच मुलं त्या आकृतीबरोबर सांगायला हवीत.

दुसरी अडचण प्रतिकारशक्तीची. टेट-ऑनचं नियंत्रक प्रथिन अर्धं जिवाणूचं, अर्धं विषाणूचं. उंदरांत ते वर्षभर खपून जातं. माकडांत बऱ्याचदा शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि त्या पेशीच मारून टाकतं. पेशींबरोबर उपचारही जातो. त्यामुळे गेल्या काही वर्षांत आरएनएवरच बसणाऱ्या नियंत्रणाकडे ओढा वाढला आहे. २०२१ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या बेव्हर्ली डेव्हिडसन यांच्या गटानं एक सुंदर रचना मांडली. जनुकाचा संदेश असा लिहिलेला की ब्रानाप्लाम हे औषध असेल तरच त्याची जोडणी बरोबर होते. नसेल तर प्रथिन बनतच नाही. परकं प्रथिन एकही नाही आणि जागाही थोडी लागते. पण हेच ब्रानाप्लाम हंटिंग्टन विकारावर आजमावत असताना मज्जातंतूंना इजा होते असं दिसलं आणि ती चाचणी थांबवावी लागली. ज्या मात्रेत ते जनुकासाठी लागेल ती कदाचित निर्धोक असेल. तरीही जी गोळी माणसानं पुढची तीस-चाळीस वर्षं घ्यायची, तिच्याकडून मी पाण्याइतक्या निरुपद्रवीपणाची अपेक्षा ठेवते.

माणसावर हे सगळं जमतं का, तर जमतं. मेंदूतल्या परतलेल्या ग्लायोमाच्या ३१ रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या जागी ॲडेनोव्हायरसमधून इंटरल्युकिन-१२ चं जनुक सोडलं. हे प्रथिन कर्करोगावर प्रतिकारशक्ती चवताळून सोडतं, पण फाजील झालं तर रुग्णालाच संपवू शकतं. त्यावरचा ताबा होता कीटकांच्या कात टाकण्याच्या संप्रेरकाच्या ग्राहकावर बेतलेला आणि तो उघडायला व्हेलेडिमेक्स नावाची गोळी. गोळीच्या मात्रेनुसार प्रथिन वाढलं आणि त्रास झाला तेव्हा गोळी थांबवताच त्रास ओसरला. बाधलं तर बंद करायची जी सोय जनुकोपचारात हरवली होती, ती इथे परत आली. त्या चाचणीत किती रुग्ण किती महिने जगले याची चर्चा पुष्कळ झाली. मला तीतली ही एक गोष्ट जास्त मोलाची वाटते.

आता आपल्या घराकडे येऊ. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या काही कर्करोगांवरच्या कार-टी उपचाराचं ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत लोकार्पण झालं. त्यात रुग्णाच्या टी-पेशींत जनुक पोचवणारा लेंटिव्हायरस इथेच बनतो, आणि परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात उपचार मिळतो. त्याच वर्षाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं हिमोफिलिया-ए च्या पाच रुग्णांचे निष्कर्ष जाहीर केले. तिथेही लेंटिव्हायरस, आणि फॅक्टर-८ चं जनुक सीडी-६८ या प्रोमोटरच्या मागे बसवलेलं, म्हणजे ते प्रामुख्यानं मोनोसाइट आणि मॅक्रोफेज पेशींतच चालावं. उपचारानंतर त्या पाचही जणांना रक्तस्राव झाले नाहीत. ‘कुठे चालावं’ हा ताबा आपल्या देशात प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोचलेला आहे. ‘केव्हा आणि किती’ हा पुढचा टप्पा. तो आपण परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलून गाठला तर फसू, असं मी म्हणते त्यामागे कारण आहे.

माझी एक विद्यार्थिनी कुडाळकडची. टेट-ऑनवर उभारलेल्या एका प्रस्तावाची चर्चा चालू होती. ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी डॉक्सीच्या गोळ्या देतात. ज्याच्यात हे जनुक घातलंय, त्यानं त्या घ्यायच्या की नाही?” लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, डॉक्सी म्हणजे हेच डॉक्सिसायक्लिन. खोलीत कोणाकडेच उत्तर नव्हतं. मुंबईत पाणी तुंबलं की त्यातून चालत गेलेल्यांना महापालिका डॉक्टरांच्या सल्ल्यानं हीच गोळी घ्यायला सांगते. मुरुमांसाठी कॉलेजातली मुलं ती महिनोन्‌महिने घेतात. हिवतापाच्या प्रतिबंधाला तीच, स्क्रब टायफसला तीच. हायडेलबर्गला जी गोळी फक्त आपण देऊ तेव्हाच पोटात जाईल असं धरून चालता येतं, ती कोकणात आणि मुंबईत पावसाबरोबर येते. टेट-ऑन असेल तर नको तेव्हा जनुक उघडेल. टेट-ऑफ असेल तर हिमोफिलियाच्या मुलाचं रक्षण करणारं जनुक ऐन पुरात मिटेल.

रॅपामायसिन निवडावं तर त्याचं आणखी निराळं. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या आणि अविभाजित भारतात जन्मलेल्या सुरेंद्रनाथ सेहगल यांनी माँट्रियलमध्ये नावारूपाला आणलेल्या या औषधाला यकृतातलं सीवायपी-३ए-४ हे विकर मोडतं. क्षयाच्या रुग्णाला रिफाम्पिसिन सुरू झालं की ते विकर भराभर वाढतं, रॅपामायसिन रक्तातून पार उतरतं आणि जनुक बंद पडतं. नायट्यासाठी हल्ली सर्रास आठवडेच्या आठवडे दिलं जाणारं इट्राकोनॅझॉल याच्या उलट करतं. ते विकर दाबतं, रॅपामायसिन साठत जातं आणि जनुक बेफाम चालतं. शिवाय रॅपामायसिन स्वतः प्रतिकारशक्ती दाबणारं. क्षय घरोघरी असलेल्या देशात ते जन्मभर कोणाला द्यायचं? क्षय, नायटे आणि लेप्टो हे तीन शब्द परदेशी आराखड्यांत तुम्हाला क्वचितच सापडतील. आपल्या प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर ते असायला हवेत.

म्हणून माझा कल स्वतःच स्वतःला आवरणाऱ्या रचनांकडे आहे. रेट विकाराचं उदाहरण पाहा. एमईसीपी-२ हे जनुक बिघडल्यानं मुलींना होणारा हा विकार. कारण १९९९ मध्ये हुडा झोगबी यांच्या गटाला सापडलं. जनुक छोटं, जेमतेम दीड हजार अक्षरांचं, एएव्हीत सहज बसणारं. पण तेच प्रथिन दुप्पट झालं तरी मेंदूचा दुसरा गंभीर विकार होतो. व्हेक्टर दिल्यावर एका चेतापेशीत एक प्रत जाते, शेजारच्या पेशीत दहा. यावर तोडगा असा की जनुकाबरोबरच त्याचा संदेश दाबणारा सूक्ष्म-आरएनए किंवा त्याला बांधणाऱ्या जागा व्हेक्टरमध्ये घालायच्या. जिथे प्रती जास्त, तिथे दमनही जास्त, आणि प्रथिन एका मर्यादेत राहतं. अशा रचना आज मुलींवरच्या चाचण्यांपर्यंत पोचल्या आहेत. त्यातही विषाणूच्या जास्त मात्रेचा धोका उरतोच. एका चाचणीत मोठ्या मात्रेनंतर एका रुग्णाचा मृत्यू झाला आहे. आतलं जनुक आवरलं म्हणून बाहेरचा विषाणू निरुपद्रवी होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. पण या रचनेला गोळी लागत नाही, मेडिकल लागत नाही, आणि एखाद्या कंपनीनं गोळी बनवणं बंद केलं म्हणून रुग्ण उघड्यावर पडत नाही.

जिथे गोळीशिवाय भागणारच नाही, तिथे ती कशी असावी याबद्दल माझं मत ठाम आहे. दुसऱ्या कुठल्याही आजारावर न दिली जाणारी, रिफाम्पिसिन आणि इट्राकोनॅझॉलसारख्या अझोल औषधांच्या वाटेत न येणारी, पेटंटच्या कचाट्यातून मोकळी आणि आपल्याच कारखान्यांत वर्षानुवर्षं बनू शकेल अशी. असं रसायन आज तयार मिळत नाही. ते शोधणं हे औषधनिर्माणशास्त्राच्या पुण्या-मुंबईतल्या, नागपूर-संभाजीनगरमधल्या प्रयोगशाळांना पूर्णपणे झेपणारं काम आहे आणि त्यासाठी अब्जावधींची यंत्रं लागत नाहीत. पेशी, चमकणारं प्रथिन आणि चिकाटी लागते.

जनुकोपचारांसाठी २०१९ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे आहेत. त्यांच्या चौकटीत राहून आजपासून करता येण्यासारख्या दोन गोष्टी मी आपल्याकडे मागते. पीएचडी करणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्या प्रबंधात ‘चालू’ अवस्थेचा आलेख असतोच. ‘बंद’ अवस्थेत किती गळती होती, ती एकेका पेशीत मोजून तेवढ्याच मोठ्या आकृतीत छापा. आणि डॉक्टर मंडळींनो, तालुक्याच्या ठिकाणी तुम्ही कुठल्या महिन्यात कुठली प्रतिजैविकं आणि बुरशीनाशकं किती लिहून देता, याच्या नोंदी आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना द्या. व्हेक्टरचा आराखडा काढताना त्या नोंदी आमच्या टेबलावर हव्या आहेत. या परिषदेच्या पुढच्या अधिवेशनात त्यांच्यावर एक स्वतंत्र सत्र ठेवावं, असा प्रस्ताव मी अध्यक्ष या नात्यानं मांडते आणि त्याला आपण सर्वांनी पाठिंबा द्यावा, ही विनंती करते.